भावाच्या जीपमधला गणपती

माझी सेडान इतकी लांब, की हायवेवर बॉनेट सावर्ड्याला पोचतं तेव्हा डिकी अजून चिपळुणातच असते. तीस वर्षं जुनी. डॅशबोर्डला खरं अक्रोडाचं लाकूड, आणि आत बसलं की स्वतःच्या पोटातलं जेवण जिरल्याचाही आवाज ऐकू येतो.

दगडी गडग्यापलीकडे राहणाऱ्या चुलतभावाने घेतली जीप. तीही जुनी, शौकाची. पण वर ताडपत्री, खाली पत्रा. तरी पुण्यामुंबईचे गाड्या जमवणारे यायचे माझ्याकडे आणि बघता बघता गडगा ओलांडून जायचे तिच्याकडे. फोर-बाय-फोरचा दांडा हलवायचे, चॅसी नंबर वाचून हात जोडायचे. माझ्या सेडानवर चहाचे कप ठेवायचे. माझं तेव्हा जे काही जळत होतं, त्यावर अख्ख्या भावकीचे मोदक वाफवून झाले असते.

आमच्या भावकीचा गणपती एकच, वर टेकावरच्या मूळ घरात. मूर्तिकाराकडून मूर्ती एकदा मांडीवर घेतली, की घराच्या पायरीपर्यंत खाली टेकवायची नाही, दुसऱ्याकडे द्यायची नाही. गेल्या वर्षी नेहमीचा टेम्पो मिळेना. तेव्हा दोघांपैकी कोणाच्या गाडीतून बाप्पा येणार, हे आमच्या थोरल्या काकू ठरवणार होत्या. त्या मानासाठी मी जीप विहिरीत लोटायलाही तयार होतो. पण मी शहाणा; मीच परीक्षा सुचवली. काकूंनी भरलेली कळशी मांडीवर घेऊन दोन्ही गाड्यांतून यायचं. ज्याच्या गाडीत सांडेल तो हरला.

माझ्या गाडीत कळशीतल्या पाण्याला झोप लागली. थेंब हलला नाही. मग मूळ घराची घाटी, म्हणजे उभी चढण, आली आणि सेडानचं पोट जांभ्या दगडावर जे बसलं, ते चौघांनी ढकलल्यावरच उठलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "गाडी छानच हो तुझी. बाप्पाने इथून पुढे उंदरावरून यायचं काय?"

जीपने अर्धी कळशी त्यांच्या लुगड्यावर ओतली, पण घाटी चढून गेली. पाणी सांडलं तर सांडलं, गाडी दारात पोचली, असा निकाल लागला.

आदल्या दिवशीपर्यंत मी त्या जीपचा गिअर अडकावा, टायर बसावेत, निदान वायपर तरी मोडावा, असं मनापासून मागत होतो. चतुर्थीला निघताना भाऊ म्हणाला, "दादा, मूर्ती तू घे. तुझ्याइतकं जपून कोण धरणार?"

नाही कसं म्हणणार? बसलो. दीड हाताचे बाप्पा मांडीवर, त्यांच्या तोंडावर रुमाल, खाली पत्रा. घाटी लागली आणि जीप एका कुशीवर कलली. माझ्या तोंडून आपोआप सुरू झालं: चढ गो बाई, तुझ्यासारखी गाडी कोकणात नाही, माझी सेडान म्हणजे नुसता सोफा, एवढा चढ काढ, सगळ्यांना सांगेन.

पायरीपाशी भावाने इंजिन बंद केलं आणि मागे वळून विचारलं, "वाटभर काय पुटपुटत होतास रे?"

"अथर्वशीर्ष," मी म्हणालो.