नळीत अडकलेली हवा

ऑस्कर जातीचा मासा माणसाने पाळू नये. तो मासा नसतोच, मानपान मागणारा जावई असतो. मोठा झाला की टाकीतल्या प्रत्येक वस्तूवर हक्क सांगतो. आमच्याने पाण्यातला काचेचा हीटर धडका देऊन देऊन फोडला, तोही ऐन थंडीत. आमच्याने म्हणजे ह्यांच्या माशाने. हे सातिवलीच्या कारखान्यातून आले की कपडेही न बदलता त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे, आणि चहा गार व्हायचा. मला त्या माशाचं कौतुक कधीच नव्हतं.

हे गेल्यावर सगळे म्हणाले, देऊन टाका कोणाला तरी. मी दिला नाही. वर्षश्राद्ध उरकलं, तसे लोक ह्यांचं नावही काढेनासे झाले. हे गेलेत ही गोष्ट ज्याला कोणी सांगितलीच नव्हती, असा घरात तो एकटाच उरला होता. म्हणून तो जगायला हवा होता.

हीटर फुटल्यापासून तो तळाशी आडवा पडून होता. खात नव्हता, कल्ले कसेबसे हलत होते. मी टाकीला जुनी चादर गुंडाळली. रविवारी मुलगी नालासोपाऱ्याहून नवा हीटर घेऊन आली, आणि आधी चादरीवरून मला बोलली. हा हीटर पाण्यात बुडवायचा नव्हता. टाकीखालच्या कपाटात फिल्टरचा डबा असतो. तो टाकीतलं पाणी खाली ओढतो, गाळतो आणि दुसऱ्या नळीने परत वर सोडतो. त्या परतीच्या नळीत हा मध्येच बसवायचा, म्हणजे पाणी जाता जाता तापतं आणि माशाला धडकायला काही उरत नाही.

नळी कापावी लागणार होती. ह्यांनी मापून बसवलेली, त्यानंतर कोणाचा हात न लागलेली नळी. मुलीने डब्याचे कॉक बंद केले, खाली बादली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "बघतेस काय, काप," मी खेकसले. कापलेली टोकं तिने गरम पाण्यात मऊ केली, हीटरच्या दोन्ही तोंडांवर चढवली आणि नट आवळले. हीटर कपाटाच्या आत पट्ट्याने उभा बांधला. मग कॉक उघडून तिने फक्त फिल्टर चालू केला. हीटरला करंट पाणी पूर्ण भरल्यावरच द्यायचा होता.

पाणी चढलं, आणि कपाटातून आवाज आला.

ह्यांना जिन्यातच घसा खाकरायची सवय होती. एकदा लांब, मग थोडं थांबून दोनदा आखूड. दार वाजवायची गरज नसायची, मी त्याआधीच उठलेली असायचे. तोच आवाज आला. लांब, मग थांबून दोनदा आखूड. मुलीने मान वळवून दाराकडे बघितलं. आणि इतके दिवस तळाशी पडलेला तो मासा उठला, तिरपा होत, धडपडत काचेपाशी आला आणि दाराकडे तोंड करून थांबला.

"आले, आले," माझ्या तोंडून निघून गेलं.

मुलगी आधी भानावर आली. "आई, हवा अडकलीय हीटरमध्ये."

"र्‍हाऊ दे."

"काय राहू दे?"

"पानी चढतंय ना वर? मग र्‍हाऊ दे." घाबरले की माझ्या तोंडात चांदीप गावचं माहेर येतं.

"अगं, हवा राहिली तर आतली कॉइल कोरडीच तापणार. जळून जाईल. मग हा मासा दोन दिवस पण नाही काढणार." तिने कपाटाचं दार आणखी उघडलं. "मलापण ऐकू आलं, आई. माझे पप्पा नव्हते का ते?"

ती पुढे झाली, पण मी तिला हात लावू दिला नाही. मला राग आला होता. कोणाचा, ते कळत नव्हतं. कपाटात पुन्हा तो लांब आवाज सुरू झाला आणि मासा काचेवर तोंड आपटू लागला. त्याच्याकडे बघवेना. मी पट्टा सोडला, हीटर हातात धरून आडवा केला आणि हळूहळू हलवला. बुडबुडे नळीतून वर गेले, टाकीत एकामागून एक फुटले. एक खाकर अर्धीच झाली. मग नुसतं पाणी वाहू लागलं.

मुलीने हीटरचं बटण दाबलं. पाणी हळूहळू कोमट झालं, आणि संध्याकाळी माशाने माझ्या हातातले दाणे खाल्ले. मुलीने फोटो काढला, डोळे पुसले आणि घरी गेली.

हॉस्पिटलात हे गेले तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. कोणीतरी येऊन मला सांगितलं होतं. या वेळी मी जवळ होते, आणि ह्यांना घालवणारे हात माझेच होते.