जरीकाठाचा घोटा

"बासष्ट," निखिल सर स्क्रीनकडे बघत म्हणाले. "परत घ्या."

परत घेतलं. बासष्ट.

"बघा मॅडम, किती रिलायबल आहे."

निखिल सर आमच्या नेरूळच्या फिजिओथेरपी सेंटरचे ऑपरेशन्स हेड. गुडघा कुठल्या बाजूला वाकतो एवढं त्यांना माहीत होतं, बाकीचं त्यांनी अ‍ॅपवर सोपवलं होतं. टेबलाशेजारी स्टँडवर टॅबलेट लावायचा, पेशंटने पाय वाकवायचा. कॅमेरा पायावर रेघा काढून गुडघा किती अंश वाकला ते सांगतो आणि आकडा थेट डॅशबोर्डवर जातो. डेमोच्या दिवशी कंपनीचा मुलगा हाफ पँटमध्ये आला होता. एकदम झकास रीडिंग आलं. सरांनी पेढे वाटले.

आता टेबलावर सुभद्रामावशी होत्या. उरणकडच्या, मासळी विकणाऱ्या. दीड महिन्यापूर्वी त्यांचा गुडघा बदलला होता. अंगावर जरीकाठाची मोरपंखी साडी, केसांत अबोलीचा वळेसर.

बासष्ट म्हणजे लाल रंग. एवढ्या दिवसांनी गुडघा निदान नव्वद वाकायला हवा. वाकला नाही तर सर्जन 'मॅनिप्युलेशन' करतात. म्हणजे पुन्हा भूल द्यायची आणि जोर लावून गुडघा वाकवायचा. दुसऱ्या दिवशी सर्जन येणार होते.

मावशींनी माझा हात धरला. "परत भूल नको गो ताय. मागल्या टायमाला मी घरच्यांना वलखत नव्हती."

ते खरं होतं. दोन दिवस त्या सुनेला परिचारिका समजून घरी जाऊ द्या म्हणत होत्या.

मी पडदा ओढला, साडी गुडघ्यावर सरकवली आणि गोनिओमीटर लावला. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्यांचा प्लास्टिकचा कोनमापक. एकशे चार. ही पट्टीही देवाचा शब्द नाही. दोन फिजिओंनी मोजलं तर चार-पाच अंश इकडेतिकडे होतात. पण बेचाळीस होत नाहीत.

घोळ लगेच कळला. कडक रेशमाचा पायावर तंबू झाला होता आणि अ‍ॅप साडीच्या काठाला घोटा समजत होतं. काठ जागचा हलत नव्हता, म्हणून आकडाही हलत नव्हता. पुन्हा पुन्हा तेच उत्तर येणं म्हणजे रिलायबिलिटी. ते उत्तर बरोबर असणं ही वेगळी गोष्ट. आमचं अ‍ॅप अत्यंत भरवशाने चुकत होतं.

मी सरांना सांगितलं.

"हाताने मोजलेलं सिस्टीम घेत नाही, मॅडम."

"मग सर्जनना फोन करते."

केला. सर्जन गाडीत होते. "डॅशबोर्ड बासष्ट दाखवतोय ना? मग उद्या उपाशी यायला सांगा."

मला भयंकर राग आला. जिचा गुडघा चांगला वाकतोय तिला साडीच्या काठापायी भूल देणार?

मावशींना म्हटलं, "साडी जरा वर घ्या, परत मोजू."

"कॅमेऱ्यासमोर गुडगा उगडा? सून काय म्हनंल?"

"पण एवढी भारी साडी नेसलात कशाला?"

"फोटू काडनार म्हनून तुमीच सांगलं ना? मंग चांगली नको नेसू?"

सांगितलं होतं खरं. 'मोशन कॅप्चर' सोपं करून सांगताना मी प्रत्येकीला 'फोटो काढणार' म्हणत होते. डॅशबोर्डवर सगळ्या बायका लाल आणि बर्म्युडातले काका हिरवे का, हे आता समजलं.

"बाजारात बसता तेव्हा काय नेसता?"

"लुगडं. गुडग्यापरयंत खोचलेलं." मग हसून म्हणाल्या, "ते धंद्याचं हाय. दवाखान्यान कोन नेसून येतं?"

"उद्या तेच नेसून या. धंद्यावर निघाल्यासारख्या."

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. उपाशीपोटी, कासोटा घट्ट खोचून. लुगड्यात त्यांना कॅमेऱ्याची अजिबात लाज वाटली नाही. उलट टॅबलेटकडे त्या भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशा बघत होत्या. पाय वाकवला. एकशे तीन. हिरवा.

सर्जननी स्क्रीन पाहिला. गुडघ्याकडे पाहायची त्यांना गरज वाटली नाही. "छान. मॅनिप्युलेशन कॅन्सल. जेवून घ्या."

मावशी तिथेच रडल्या. माझेही डोळे भरून आले. मी माझ्या डब्यातले पोहे त्यांच्या पुढे केले.

तेवढ्यात निखिल सर टॅबलेटचा फोटो काढून गेले. पुढच्या मीटिंगमध्ये पहिल्याच स्लाइडवर मावशींची केस होती: 'आमच्या अ‍ॅपमुळे एका दिवसात एक्केचाळीस अंशांची सुधारणा.' टाळ्या झाल्या. सरांना पुण्याच्या सेंटरलाही प्रेझेंटेशनसाठी बोलावणं आलं.

मी आता पेशंटला अपॉइंटमेंट देताना वेळेसोबत काय नेसून यायचं तेही सांगते. आकडा कितीही ठाम असला तरी आधी कापड बाजूला करून गुडघा बघावा, एवढंच मी शिकले. सर्जनना अजून सांगायचं आहे.