दिल्लीच्या साहेबांचे मांडे

माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर ओळीवर बसत नाही, त्याची आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कागदावर सांगते.

लग्नानंतर आम्ही धुळ्याला देवपुरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. समोर कोर्टातले एक धाकटे जज्ज राहत. संक्रांतीला आम्ही बायका त्यांच्या घरी वाण द्यायला गेलो. त्यांच्या बायकोने हळदीकुंकू लावून घेतलं, पण वाण घेतलं नाही. तिळगूळही हात जोडून परत केला. रस्त्यातच बायका सुरू झाल्या, "जज्जीणबाईंना आपले तीळ कडू लागतात गं!" मलाही राग आला होता. पुढे एकदा नळावर आम्ही दोघीच होतो, तेव्हा त्याच म्हणाल्या, "राग मानू नका हो. उद्या कुणाच्या घरचा खटला यांच्यापुढे येईल, सांगता येत नाही. यांनी घरात सांगून ठेवलंय." तिळगुळाने काय होतं, असं मनात आलं.

मग ह्यांना जळगावला जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, काम लागलं. काही वर्षांनी पगारवाढ मागितली म्हणून मालकाने ह्यांच्यासकट बऱ्याच जणांना काढलं. केस झाली. खालच्या कोर्टात कामगार जिंकले, मुंबईलाही जिंकले. मालक दिल्लीच्या कोर्टात गेला. तिथला निकाल लागेपर्यंत कामावरून काढल्यापासूनच्या पगारातले निम्मे पैसे कामगारांना मिळाले. हरलो तर परत करू, अशी हमी प्रत्येकाने लिहून दिली. दोन ठिकाणी जिंकल्यावर कोण घाबरतो? आमचे पैसे सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आणि किराणावाल्याला गेले. काम परत मिळेल, या एका आशेवर घर चाललं होतं.

खापरावरचे मांडे मला चांगले जमतात. त्या हिवाळ्यात चोपड्याच्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. दिल्लीचा पाहुणा मांडे खायचे म्हणतो, असं कळलं. मागच्या अंगणात चूल मांडून दिली होती. दुपारी मोटार आली. पाहुण्याच्या मागून आमच्या जिनिंगचा मालक उतरला. तो बंगला त्याच्या बहिणीचा होता, हे मला तेव्हा कळलं. मी पदर पुढे ओढला. तो मला ओळखत नव्हता. ह्यांचा डबा घेऊन जिनिंगच्या फाटकाशी उभी असायचे, तेव्हा मी त्याला रोज पाहिलेलं.

मालकाची बहीण चुलीजवळ जावेला सांगत होती, "मांडा फाटायला नको हां. भाऊची जिनिंगवाली केस यांच्याचसमोर आहे दिल्लीला."

"अगं बाई! आणि जेवायला आपल्याकडे?"

"घरच्यासारखेच आहेत साहेब."

माझ्या दोन्ही कोपरांपर्यंत मांडा पसरलेला होता. टाकून उठताही येईना. तो खापरावर घातला, दुसरा घेतला.

साहेब मांडे बघायला अंगणात आले. गळ्यात मफलर, चेहरा शांत. "अरे वाह, ये तो चादर हो गई! हाथ नहीं जलता, माई?" मी नुसती मान हलवली. माणूस वाईट वाटला नाही. मालकाने उभं राहून स्वतः तूप वाढलं. केसबद्दल एक शब्दही निघाला नाही, खोटं सांगणार नाही. जाताना साहेबांना शाल-नारळ दिला, मोटारीत केळीचे घड ठेवले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "दिल्लीना देवले तुनीच निवद कया!" त्या देवाचा नैवेद्य माझ्याच हातून झाला होता. हे मात्र उठले. "तू सोता देखं ना? चाल, वकीलले सांगू."

वकिलासमोर मी बोलले. लग्नानंतर परक्या माणसाशी एवढं कधी बोलले नव्हते.

"केसबद्दल काय बोलले ते?"

"काही नाही."

"मग काय सांगता, वहिनी?"

"जेवले."

"जेवणं काही गुन्हा नाही."

मी म्हटलं, धुळ्याचे जज्जसाहेब तर घरात तिळगूळ येऊ देत नव्हते. मी अंगठा नाही, सही करते. लिहा, मी सही करीन. वकील म्हणाले, "ते खालचे होते, वहिनी. त्यांच्यावर वरचे होते. यांची तक्रार न्यायची कुठे? यांच्याच दारात. ते उलट तुम्हालाच आत टाकतील, कोर्टाची बेअदबी केली म्हणून. मालक म्हणेल, पाहुणा आला, जेवला." ह्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले.

निकाल उन्हाळ्यात लागला. त्याच साहेबांनी लिहिलेला. मालकाने काढलं ते बरोबर, घेतलेले पैसे परत करावेत. ते चोपड्याला जेवले नसते तरी हाच निकाल दिला असता का? असेलही. मला ते कधीच कळणार नाही, आणि मला तेच खुपतं. त्यांना कुणी विचारलं, असं काही ऐकलं नाही. पुढे ते मानाने रिटायर झाले, असं वकील म्हणाले.

कामगारांच्या बायका मला पाहून गप्प होत. एक तोंडावर म्हणाली, "हिच्या मांड्यांना चव भारी होती म्हणे." एक कामगार पैसे न भरता सुरतेला पळून गेला. हे मार्केट यार्डात हमाली करू लागले. पैसे हप्त्याने फेडायचे ठरले. जिनिंगच्या फाटकात पाय टाकणार नाही, असं हे म्हणाले, म्हणून हप्ता भरायला मी जायचे. मुनीमजी पैसे दोनदा मोजत, आणि तोवर मी दाराशी उभी. मांड्यांची बोलावणी मी बंद केली नाही. हप्ता त्यातूनच जायचा. मोठी मुलगी सातवीतून काढली, ती पापड लाटायला बसली. सासूबाई मधल्या काळात वारल्या.

शेवटच्या हप्त्याला हे माझ्याबरोबर आले, पण फाटकाबाहेर थांबले. मुनीमजींनी पैसे मोजले, पावती लिहिली आणि म्हणाले, "झालं बाई. पुरते फिटले. आता यायचं काम नाही." पावती घेऊन मी बाहेर आले. ह्यांनी ती वाचली नाही, घडी करून खिशात ठेवली, आणि आम्ही घराकडे निघालो.