पुलावरची ड्यूटी

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वर्गात कुणी भुताखेताची गोष्ट काढली की मी एकच विचारायचे — पुरावा काय? त्यामुळे आज मीच असलं काही लिहायला बसलेय याचं माझं मलाच हसू येतं. तुम्हीही हसा, पण वाचा शेवटपर्यंत.

आम्ही गारखेड्यात राहतो... म्हणजे आता मी राहते. दुसरा मजला, मागच्या खोलीत यांचा कॉम्प्युटर. माझे मिस्टर, दिनकर, चितेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात, हे युद्धाला लागले. कॉम्प्युटरवरच्या. नदी, नदीवर पूल, पुलामागं एक गाव आणि समोरून चाल करून येणारं सैन्य. ते गाव चाळीस टर्न राखायचं. एक टर्न म्हणजे एक दिवस. जिंकायचं काहीच नाही, नुसतं टिकायचं. यात कसली मजा, असं मी म्हटलं की म्हणायचे, "राखायलाच लई डोकं लागतं."

या खेळात तुकड्यांना आपल्याला हवी ती नावं देता येतात. यांनी सगळं गणगोत भरती केलं होतं. सोयगावचे दोन्ही दीर डाव्या बाजूला, नणंदबाई तोफखान्यात — तिथं त्या शोभतातही. पुलावर स्वतः 'दिनकर'. आणि पार मागं, गावाजवळ, एक ताजीतवानी तुकडी, 'सुनंदा'. म्हणजे मी. मला त्यांनी एकदाही पुढं काढलं नव्हतं.

कारखान्यातली एक सवय मात्र सुटली नव्हती. शिफ्ट संपताना वहीत लिहायचं — काय झालं, काय राहिलं, कशाला हात लावू नये. पुढच्यानं ते वाचून खाली 'चार्ज घेतला' लिहायचं, सही करायची, मगच आधीच्यानं निघायचं. पुढचा आलाच नाही तर हे दुसरी शिफ्टही उभ्यानं काढायचे आणि घरी जेवण थंड व्हायचं. मी चिडले की म्हणायचे, "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची नाय, सुनंदा." खेळासाठीही त्यांनी तशीच वही केली होती.

मागच्या हिवाळ्यात मी भाचीच्या लग्नाला सोयगावला गेले. छातीत दुखतंय हे यांना आठवडाभर माहीत होतं. मला नव्हतं. "तू जा बिनघोर, मी हाय की इथं," एवढंच म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत गेले... एकटे. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. मला रडू नंतर येतं, आधी राग येतो. एक हाक मारायची होती ना.

दिवसकार्य झालं, मुलगा पुण्याला परत गेला. दुपार काही केल्या सरेना. मग एकदा कॉम्प्युटर लावला. टर्न एकतीस. वहीतली शेवटची नोंद होती — 'पूल: दिनकर. सुनंदाला हलवू नये.' डाव अर्धवट सोडवेना, आणि चुकीचं खेळून गाव पडलं असतं तर खेळ तिथंच संपला असता, आणि यांच्या हातचं शेवटचं कामही गेलं असतं. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून शिकले. जेवण झालं की चष्मा लावून बसायचे आणि दोन-तीन दिवसांत एखादा टर्न खेळायचे.

चौतिसाव्या टर्नला 'दिनकर'ची ताकद दहातली दोन उरली. गणित सोपं होतं, ताजी तुकडी पुढं, थकलेली मागं. मी तसं केलं, सेव्ह केलं आणि टर्न उद्या संपवू म्हणून कॉम्प्युटरचं मेन बटन बंद करून उठले.

दुसऱ्या दिवशी पाहते तर 'दिनकर' पुलावर. 'सुनंदा' गावाजवळ, मागं.

मुलगा फोनवर म्हणाला, जुनी फाईल उघडली असशील. पण बाकीच्या तुकड्या मी ठेवल्या तिथंच होत्या. जागचे हललो होतो ते फक्त आम्ही दोघं. मी पुन्हा अदलाबदल केली, मोबाईलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्याही दिवशी. रविवारी मुलगा स्वतः आला, दोन तास खुडबुड केली. या कॉम्प्युटरला नेटसुद्धा जोडलेलं नाही. तो जेवला आणि म्हणाला, "आई, तू पुण्याला चल."

मी गेले नाही. भीती वाटली का? नाही. राग आला. गेल्यावरही हा माणूस मला मागंच ठेवतो म्हणजे काय?

मुलगा गेल्यावर यांची वही पुन्हा उघडली. शेवटच्या नोंदीखाली एक ओळ कोरी होती. मी हलवाहलव केली होती, पण चार्ज घेतलाच नव्हता. पेन घेतलं. लिहिलं, 'चार्ज घेतला.' सही केली, पूर्ण नाव, हजेरीपत्रकावर करायचे तशी. मग 'सुनंदा'ला पुलावर नेलं, 'दिनकर'च्या शेजारी. नकाशावरच्या एका घरात दोन तुकड्या मावतात. त्यांना या वेळी हात लावला नाही. रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "आले मी. आता जा."

दुसऱ्या दिवशी 'सुनंदा' पुलावरच होती. 'दिनकर' तिथं नव्हता. तो मागं होता, गावाजवळ, इतके दिवस मी होते त्याच घरात.

त्यानंतर काहीच आपोआप हललं नाही. बाकीचे टर्न मी खेळले, गाव टिकलं. फोटो मोबाईलमध्ये आहेत, चार लोकांना दाखवले.

खेळ संपला त्या दुपारी वहीत रीतसर नोंद केली. 'टर्न चाळीस. गाव शाबूत. पूल: सुनंदा.' आणि सवयीनं खाली एक ओळ सोडली. तिथं सही करायला आता या घरात कुणी नाही.