मास्तरांची फुंकणी

पूर्णगडच्या वाटेवरच्या त्या हायस्कुलात शिकलेली माणसं आज कुठेही भेटोत, चारुदत्त मास्तरांचं नाव काढलं की आधी आठवते ती फुंकणी. बाकीचे मास्तर छडी बाळगत. हे फळ्यावरचं दाखवायला चुलीची लोखंडी फुंकणी वापरत. ती त्यांच्या हाती आली चौऱ्याऐंशी साली.

हेमाकाकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, तेव्हा धूर सोसेनासा झाला होता. भात उतरवून बाहेर येत त्या डोळे लालभडक करून. "असंच चुलीपुढे बसलात तर नजर जाईल," डॉक्टरांनी बजावलं. सिलिंडरसाठी नंबर लावलेला, पण तो कधी लागेल ते देवालाच ठाऊक. म्हणून मास्तरांनी परसातला कातळ फोडून गोबरगॅसचा खड्डा केला, वर लोखंडी टाकी उलटी बसवली आणि बायकोला शब्द दिला, "अगो, पाडव्याला बिनधुराचा स्वयंपाक!"

शेण कुजलं, आत गॅस साठून टाकी वर उचलली गेली. "पहिला गॅस सोडून द्या," असं गोबरगॅस योजनेचा माणूस सांगून गेला होता, पण का, ते त्याने सांगितलं नव्हतं. पेन्सिल नखाएवढी होईतो वापरणारे मास्तर! एवढा घरचा गॅस वाऱ्यावर सोडायला त्यांचा हात धजेना. मुहूर्तासाठी त्यांनी तो जपून ठेवला.

पाडव्याला गुढी उभारली, टाकीपुढे नारळ फोडला. शेजारचे आंब्याचे कलमवाले आप्पा दगडी गडगा ओलांडून बघायला आले. मास्तरांनी शेगडीशी काडी धरली. फुस्स! काडीच विझली. दुसरीही विझली.

"मास्तर, तुमचा मिथेन आमच्या जावयासारखा हो," आप्पा म्हणाले, "मुहूर्ताला तोंड दाखवत नाय!"

सगळे हसले. हेमाकाकू मात्र फुंकणी घेऊन चुलीपुढे वाकल्या. ते वाकणं मास्तरांना आप्पांच्या टोमण्यापेक्षा लागलं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात नेमका तोच धडा. टेबलावर हिरव्या सुपाऱ्या, वाऱ्याने गळलेल्या बारक्या कैऱ्या, थोडी कोकमं आणि घरच्या खराट्याचे हीर.

"सुपारी म्हणजे कार्बन, त्याला चार हात. कैरी म्हणजे हायड्रोजन, तिला एकच. एका सुपारीला चार कैऱ्या टोचल्या की झाला मिथेन, गोबरगॅसात जळतो तो. दोन सुपाऱ्यांनी एकमेकींचा हात धरला, उरलेल्या हातांना सहा कैऱ्या, की इथेन. तीन सुपाऱ्या प्रोपेन, चार ब्यूटेन. ते दोघं सिलिंडरात. साखळी लांबली की वायूचं होतं तेल, आणखी लांबली की मेणबत्तीचं मेण."

"मंग आमच्या होडीचं डिझेल पण ह्यांच्यातलंच काय वो सर?" जनीने विचारलं.

"ह्यांच्यातलंच, मोठ्या कुटुंबातलं! ह्या सगळ्यांना म्हणायचं अल्केन. स्वभावाने गरीब. सगळे हात गुंतलेले, त्यामुळे कुणाला चटकन भिडत नाहीत. पण काडी दाखवा..."

"काल दाखवलीत ना सर?" मागून बाळा बोलला. वर्गात हशा फुटला. मास्तरही हसले.

"जळताना काय होतं, बघ." त्यांनी सुपारीच्या चारही कैऱ्या काढल्या आणि दोन बाजूंना दोन कोकमं, दोन-दोन हिरांनी घट्ट बसवली. "कोकम म्हणजे ऑक्सिजन. हा झाला कार्बन डायऑक्साइड. जळून झालेला. ह्याला पुन्हा काडी लावून..."

मास्तर थांबले. शेण आधी टाकीतल्या हवेवर कुजतं, त्यातून निघतो तो हाच वायू. हवा संपली की मग मिथेन. मुहूर्तासाठी जपून ठेवला होता तो हाच!

घरी आल्याबरोबर त्यांनी तोटी उघडली. टाकी हळूहळू खाली बसू लागली.

"अहो, एवढं साठवलेलं सोडताय?" आप्पा गडग्यावरून ओरडले.

"जळून गेलेलंच जपत बसलो होतो, आप्पा!"

टाकी पुन्हा वर आली तेव्हा मास्तरांनी ना मुहूर्त बघितला, ना कुणाला बोलावलं. दुपारचं ऊन स्वयंपाकघरात भरलेलं. काडी लावली, पण शेगडीवर काही दिसेना.

"राहू द्या हो," हेमाकाकू हळूच म्हणाल्या. "मला धुराची सवय आहे." आणि त्यांनी शेगडीवरून पलीकडच्या फुंकणीकडे हात नेला.

"आई गं! पोळलं!"

मास्तरांनी धावत जाऊन खिडकी बंद केली. अंधारात मोरचुदासारखी निळी ज्योत वर्तुळ करून नाचत होती. बोट तोंडात घालून काकू बघत राहिल्या.

"एवढासा?"

"अल्केनांत सगळ्यात धाकटा हाच. एक सुपारी, चार कैऱ्या."

"म्हणजे माझा खराटा मोडलात तो ह्याच्यासाठी?"

मग त्यांनी चहाचं आधण ठेवलं. उकळी येईतो त्यांचा हात सारखा कोपऱ्याकडे जात होता. शेवटी त्यांनी फुंकणी उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली. "ही शाळेत न्या. इथे असली की उगीच वाकायला होतं."

दुसऱ्या दिवशी बाळाने विचारलं, "सर, फुंकणी कशाला आणलीत?"

"काकूंना आता लागत नाय," मास्तर म्हणाले आणि फुंकणीचं टोक फळ्यावरच्या मिथेनवर टेकवलं.