आईनं नको म्हटलं ते वाढणं

भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नाही, आजही नाही. आठवीत शाळा सोडली, सुरतेत साड्यांच्या घडी-पॅकिंगला आहे, लिहिण्याची सवय नाही... चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आईच्या आतड्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तोंडानं पाणीसुद्धा बंद. खांद्याजवळच्या शिरेतून पांढऱ्या पिशवीतलं जेवण, मशीनवर, थेंब थेंब. गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवलेली, म्हणून आवाज मुळीच नाही. बोलायचं ते हाताच्या इशाऱ्यानं.

वॉर्डाच्या सिस्टरनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. "दादा, ही साधी सलाईन नाही. या नळीतून दुसरं औषध जाणार नाही. पिशवीवरचं नाव मी वाचते, तुम्हीपण वाचा. चोवीस तास झाले की उरलेलं फेकायचं. आणि मशीनला हात नाही. हे जोरात गेलं तर साखर भडकते, जीवावर येतं."

मला समजलं. हिवरखेडहून आलेल्या मावशीला समजावता समजावता मात्र डोकं फुटायची वेळ आली.

"इतकं उरलं, फेकता काहून?"

"मावशी, त्यात जंतू होतात."

"आमी रातचं वरण सकाळी खातो, आमाले नाई होत थे?"

मशीनवर तर तिचा खास राग. "पंगतीत असं थेंबाथेंबानं वाढलं असतं तर वरात उठून गेली असती."

रोज हेच. सुट्टी बिनपगारी, झोप नाही, त्यात हे.

नवव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी तळमजल्यावर मेडिकलच्या लाईनीत उभा होतो. आई तिसऱ्या मजल्यावर. माझा नंबर आला, चिठ्ठी पुढे केली – आणि मागून आईचा आवाज आला. ताटावर हात आडवा धरून ती म्हणते ना, अगदी तसा... "बस. नको वाढू."

मागे पाहिलं, कोणी नाही. चिठ्ठी तिथंच टाकून जिने चढलो.

मावशीचा पोरगा प्रवीण मशीनचं वरचं बटण दाबत उभा होता. तीस वर्षांचा घोडा, मोबाईल रिपेअरचं दुकान आहे, म्हणून सगळ्या बटणांवर हक्क.

"काय करून राहिला बे?"

"माय म्हणली वाढ, म्हून वाढवलं."

"म्या जेवाले वाढ म्हणलं," मावशी म्हणाली. "नऊ दिसाची उपाशी हाये थे."

सिस्टरला बोलावलं. तिनं आधी मशीन थांबवलं, बोटाला टोचून साखर पाहिली, डॉक्टरांना फोन लावला. साखर वर गेली होती, पण थोडीच. "पाचच मिनिटं गेली म्हणून," ती म्हणाली. "मशीन लॉक करायचं माझ्याकडून राहिलं, दादा." एवढं सरळ कोण कबूल करतं? त्या ताईचे उपकार मी विसरणार नाही.

आई त्या वेळी गाढ झोपेत होती. आता घरी आहे, भाकर खाते. विचारलं तर म्हणते, मले काई आठवत नाई.

कानाला भास झाला, थकलो होतो, असं मी स्वतःला समजावलं असतं. पण त्याच संध्याकाळी राहिलेलं औषध आणायला गेलो, तर मेडिकलवाल्या काकांनी पुडी देता देता विचारलं,

"दुपारी तुमच्या मांगं थे बाई कोन होती? काय वाढू नको म्हणे?"


मी पुडी घेतली. पैसे दिले, जिने चढलो.