पहिल्या मजल्यावरचं चोपणं

मुलुंडच्या चाळीत रत्नप्रभाची खानावळ होती, म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली होती. त्याच खोलीत शिजायचं, त्याच खोलीत पंगत बसायची आणि उष्टी काढली की तिथेच वळकटी पसरायची. नवरा दत्ताराम पूर्वी गिरणीत होता. संपात गिरणी गेली, गडी भांडुपला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहिला. वॉचमनच्या पगारात मासळी नुसती हुंगायला मिळते. तेव्हा रत्नप्रभाने घरातला टोप खाली ठेवला, मोठा टोप चढवला आणि मालवणाकडचे एकटेदुकटे नोकरदार जेवायला घातले. घर त्या टोपावर चालत होतं.

पण खोलीच्या मधोमध जमीन बसली. मोरीचं पाणी झिरपून शहाबादी फरशीखालचा भराव वाहून गेला आणि एका फरशीच्या जागी चांगला खळगा झाला. पंगतीला जो उशिरा येईल त्याच्या वाट्याला तो खळगा. बहुतेक वेळा तो मान गुणाजीचा. हा देवबागचा, कंपनीत फिटर, जिभेला हाड नाही.

“वैनी, ह्या ताट काय होडी? आमटी चालली माझी मोरीक!”

“हातान धर मेल्या ताट. देवान दोन हात दिल्यान कशाक?”

“एका हातान ताट धरू, दुसऱ्यान माशी वारू, मग जेवू कशान? स्टेशनाकडे नवी खानावळ उघडली हा. टेबल-बाकडी आसत थंय.”

बाकीचे हसले, पण एकदोघांनी ती खानावळ नेमकी कुठे, हे विचारून घेतलं. ते रत्नप्रभाच्या कानांनी टिपलं आणि तिचा हात वाढता वाढता थबकला. आज गुणाजी उठला तर उद्या सगळी पंगत उठणार.

रात्री तिने खळगा स्वतःच भरायची गोष्ट काढली, तेव्हा दत्ताराम म्हणाला, “गो, गवंड्याक बोलय. जमीन ती, भाकरी न्हय थापूक.”

“गवंडी कशाक? तुमच्या भावाचा लगीन लागला ता खळा कोणी चोपला? गवंड्यान?”

ते खरंच होतं. गावाला दसरा उलटला की अंगणात खळं घालायचं ते बायांनीच. माती उकरायची, भिजवायची, उकिडवं बसून लाकडी चोपण्याने धप्प धप्प चोपत मागे सरकत जायचं आणि वर शेणाचा हात फिरवायचा. रत्नप्रभाचं खळं असं व्हायचं की वर सांडलेला तांदूळ निवडून घ्यावा. मुंबईला येताना लोक पेटीत लुगडी भरतात, हिने लुगड्यांत चोपणं गुंडाळून आणलं होतं.

रविवारी सकाळी दत्ताराम ड्युटीवर गेला आणि हिने पदर खोचला. फरशी उखडली, मागच्या डोंगराच्या पायथ्याहून आणलेली तांबडी माती खळग्यात ओतली, तांब्याने पाणी मारलं. मग बसली चोपायला. पहिले दोन घाव बेताचे घातले. पुढे हात सुटला, अंगात गाव शिरला आणि चोपणं नाचायला लागलं.

खाली शरच्चंद्र राहायचे. विमा ऑफिसात साहेब, बायको कुंदा, रविवारचा शिरा. पहिल्या धप्प्याला त्यांनी दाढी करता करता वर पाहिलं, पुढच्याला वस्तरा खाली ठेवला. मग परातीएवढा गिलावा सुटला तो थेट शिऱ्याच्या पातेल्यात.

शरच्चंद्र अर्ध्या दाढीचा फेस घेऊनच जिना चढले.

“अहो बाई! काय उखळ लावलंय का वर? माझं छत खाली आलं! आत्ता मालकाकडे जातो. ही खानावळ बंदच करायला लावतो!”

रत्नप्रभाच्या हातून चोपणं गळालं. ती त्यांच्यामागून खाली गेली. वर बघितलं तर पांढऱ्या छताला मोठं टक्कल पडलेलं आणि त्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं. तिचीच माती.

“भाऊ,” ती म्हणाली, “आमच्या गावाक जमिनीखाली जमीनच असता ओ. खाली तुमी आसात, ह्या ध्यानातच इला नाय.”

कुंदा पातेल्यातला गिलावा काढत होती, ती फसकन हसली. शरच्चंद्रांनी तिच्याकडे रागाने पाहिलं, पण तोंडावर फेस असताना राग धड बसत नाही.

“गवंडी आणा,” ते शेवटी म्हणाले. “माझं छत आणि तुमची जमीन, दोन्ही नीट करून द्या. मग मी मालकाचं नाव काढणार नाही.”

दशरथ गवंडी आला. आत्तापर्यंत या उंबऱ्यातून कारागीर म्हणून कोणी आलं नव्हतं, म्हणून रत्नप्रभा कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. त्याने तिची सगळी माती उपसून टाकली, खडी-सिमेंट भरलं, फरशी ठेवली आणि थापीच्या दांड्याने टकटक केलं.

“जोर लाव रे वांयच! सकाळपासून जेवलंस नाय?”

“वहिनी, जोर लावला तर मी खालच्या साहेबांच्या मांडीवर जाऊन बसेन.”

खालच्या छताला त्याने नवा गिलावा मारला, फरशी सुकेपर्यंत खोलीत पंगतीला मनाई केली आणि फरशीवर ओली पोती घातली. रत्नप्रभाने पंगत गॅलरीत मांडली. बांगड्याच्या कालवणातल्या तिरफळाचा वास जिन्यावरून खाली उतरला आणि चाळीतले आणखी दोन सडेफटिंग त्याच आठवड्यात जेवायला लागले. खोली मोकळी झाल्यावर गुणाजी उशिरा आला, फरशी चाचपून बसला, आणि काढायला खोड सापडेना म्हणून मुकाट जेवला. स्टेशनाकडच्या बाकड्यांचा विषय कोणी काढला नाही.

चोपणं मात्र तिने माळ्यावर टाकलं नाही, दाराआड उभं केलं.

पुढल्या महिन्यात पलीकडच्या खोलीतली शकू आली. तिचा ओटा एका बाजूने कलला होता.

“मावशी, मीच ठोकून बसवू की दशरथला बोलावू गं?”

“तुझ्या खाली कोण रवता?”

“मालकाचं गोडाऊन.”

रत्नप्रभाने चोपणं उचलून तिच्या हातात दिलं.

“मग हात राखू नको.”